काळी गाडी, मऊ रंग आणि घुग्घुसची धूळ

घुग्घुसमध्ये कुणी काळी गाडी घ्यायचं काढलं की घरचे, शेजारचे, गॅरेजवाले सगळे एकच सांगतात, पांढरी घे. सल्ला अनुभवाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, वर्धा नदीकाठच्या या गावाच्या एका अंगाला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्‌सच्या कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला स्पंज आयर्नचा कारखाना, जवळच सिमेंटनगर, आणि मधून दिवसरात्र धावणारे हायवा ट्रक. तरीही काळ्या गाड्या येतात. त्यांत एखादी बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कारही असते, बहुधा नागपूर, पुणे किंवा हैदराबादच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून आणलेली. मालकाने ती रंगासाठीच पसंत केलेली असते. काही महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, बारीक वर्तुळांची जाळी दिसू लागते. मालक गाडी वॉशिंग सेंटरला नेतो. तिथला पोरगा मशीन लावतो, गाडी चकाकते, आणि थोड्याच धुण्यांनंतर जाळी पहिल्यापेक्षा दाट होऊन परत येते. ही पुस्तिका त्या मालकासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्या पोरासाठी आहे.

आधी ही जाळी काय असते ते समजून घेऊ, कारण बहुतेक चुका इथेच सुरू होतात. वर्तुळं दिसतात म्हणून लोक धरून चालतात की कुणीतरी गोल गोल फडकं फिरवलं. मग उपाय म्हणून फडकं सरळ रेषेत मारायला लागतात. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात, आडवे, उभे, तिरपे, हजारोंनी. एकच तेजस्वी दिवा समोर असला की ज्या ओरखड्यांची दिशा प्रकाशाशी विशिष्ट कोन करते तेवढेच डोळ्याकडे प्रकाश फेकतात, बाकीचे अंधारात राहतात. चमकणारे तुकडे मिळून दिव्याभोवती वर्तुळं रचली जातात. घासून घासून वापरलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा, हाच खेळ दिसेल; ताट हलवलं की वर्तुळंही बल्बच्या प्रतिबिंबाबरोबर सरकतात. म्हणजे वर्तुळ रंगावर कोरलेलं नाही. कोरलेले आहेत ते सरळ-वाकडे ओरखडे. सरळ फडकं मारल्याने ओरखड्यांची संख्या कमी होत नाही.

यातूनच कळतं की ट्यूबलाइटखाली गाडी निर्दोष का वाटते. ट्यूबचा प्रकाश पसरट असतो, तो सगळ्या बाजूंनी येतो आणि ओरखडे बुजवून टाकतो. कितीतरी गाड्या शेडमध्ये ट्यूबखाली तपासून मालकाच्या ताब्यात दिल्या जातात आणि फाटकाबाहेर उन्हात येताच खरं रूप दाखवतात. एकच प्रखर एलईडी टॉर्च किंवा सरळ ऊन, याशिवाय काळा रंग तपासूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि काळाच का? गाडीच्या वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, सरळ पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के परत फिरतो. बाकीचा आत जातो. पांढऱ्या गाडीत आतला रंग त्यातला बहुतेक प्रकाश सगळीकडे उधळत परत पाठवतो, त्या उजेडात ओरखड्याची चमक हरवते. काळ्या रंगात काजळीच्याच जातीचं कार्बन ब्लॅक असतं, ते आत आलेला प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकतं. मागे अंधार उरतो आणि त्या अंधारावर मायक्रॉनभर खोलीचा ओरखडाही उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी पडतात असं मुळीच नाही. ते तिथेही तेवढेच असतात.

आता धुळीकडे येतो. या भागात जाळीचा दोष सरसकट कोळशाला दिला जातो, आणि तो बराचसा अन्यायाचा आहे. कोळसा मऊ असतो, काठिण्याच्या मोह्स मापावर आपल्या नखाच्या आसपास. पण खुल्या खाणीतून एकटा कोळसा कधी निघत नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर थरातला, आणि त्याच्यावर कामठी वालुकाश्माची जाडी. निलजई, मुंगोली, पैनगंगा अशा खाणींत कोळशापर्यंत पोचायला हा दगड फोडून बाजूला टाकावा लागतो. गावाच्या क्षितिजावर जे ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या दगडमातीचे, डोंगर दिसतात ते त्याचेच. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, मोह्सवर ७. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि गाडीचा क्लिअर कोट काचेच्याही पुष्कळ खाली. त्यात सुरजागडच्या डोंगरातून येणारं लोहखनिज, हेमॅटाइट, तेही साडेपाच-सहाच्या घरात. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेत काचेसारखे गोलक आणि क्वार्ट्‌झचे कण असतात. म्हणजे बॉनेटवर जो काळा थर दिसतो त्यातला काळा भाग निरुपद्रवी आणि न दिसणारा भाग करवतीचा.

लोखंडाचे कण वेगळ्या रीतीने त्रास देतात. ते रंगात रुततात, पावसाळ्यात गंजतात, आणि हात फिरवला की पृष्ठभाग खरखरीत लागतो. सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते. रात्रीच्या दवात ती भिजते, सकाळच्या उन्हात जागच्या जागी घट्ट होते, आणि मग तिला फडक्याने खरवडणं म्हणजे रंग खरवडणं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं होतं. तो आकडा माणसांच्या श्वासाबद्दल आहे आणि तिथेच त्याचं खरं महत्त्व आहे; गाडीचा रंग ही त्यापुढे लहान गोष्ट. पण हवा जे छातीत उतरवते तेच पत्र्यावरही ठेवून जाते, आणि पत्र्यावर ते डोळ्यांनी पाहता येतं.

लोखंड आणि सिमेंट सोडलं, तर धूळ नुसती बसून राहिल्याने रंगाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ती पुसल्यावर. रोज सकाळी डिकीतलं फडकं काढायचं, झटकायचं आणि गाडीवरून फिरवायचं, ही आपल्याकडची गाडी जपण्याची पद्धत. ड्रायव्हर मंडळी तर मालक बाहेर यायच्या आत गाडी पुसून ठेवण्यात आपलं कर्तव्य मानतात. कोरड्या फडक्याखाली क्वार्ट्‌झचा कण सापडला की तो बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत जातो, आणि फडक्यात अडकून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो. जी गाडी जास्त पुसली जाते तिच्यावर जाळी जास्त. दुर्लक्षित गाडी धुळकट दिसते, पण धुतल्यावर तिचा रंग अनेकदा शेजारच्या लाडक्या गाडीपेक्षा बरा निघतो. दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार चढवतात. हे जरूर करावं. फक्त दुसऱ्या दिवशी ते कोरडं पुसू नये, आधी भरपूर पाण्याने ओघळून जाऊ द्यावं, आणि पाकळ्या उन्हात वाळून चिकटायच्या आत काढाव्यात.

मऊ रंग म्हणजे काय, याबद्दल गॅरेजमध्ये बरेच समज आहेत. कुणी म्हणतं जपानी रंग हलका असतो, कुणी म्हणतं कंपनीने पैसे वाचवले. क्लिअर कोट हे राळेचं जाळं आहे. त्यातले दुवे किती घट्ट बांधले जावेत हे कारखाना ठरवतो. घट्ट बांधलं तर ओरखडा उशिरा पडतो पण थर ठिसूळपणाकडे झुकतो. सैल ठेवलं तर थर लवचीक राहतो, उडालेल्या खड्याने सहसा टवका निघत नाही, पण फडक्याचा माग उमटतो. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस नॅनो कणांचा कठीण क्लिअर कोट आणला. निस्सानने २००५ मध्ये उलट वाट धरली, उन्हाच्या उबेने बारीक ओरखडे स्वतःच भरून काढणारा लवचीक थर. मझदाच्या एमएक्स-५ सारख्या छोट्या स्पोर्ट्‌स कार, सुबारू आणि होंडाच्या अनेक गाड्या मऊ रंगासाठी जगभरच्या पॉलिशवाल्यांत प्रसिद्ध आहेत. मऊ रंग म्हणून तो हलका असा निष्कर्ष काढू नये. पण त्याच्यावर हात ठेवण्याआधी तो मऊ आहे हे ठाऊक असलंच पाहिजे. कंपनीच्या नावावरूनही खात्री धरता येत नाही: एखादं दार अपघातानंतर पुन्हा रंगवलेलं असेल तर त्या एका दाराचा स्वभाव बाकी गाडीहून निराळा निघतो.

आता या पुस्तिकेतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे गाडीचं सगळं तेज केसाहून पातळ थरात आहे. ओरखडा काढणं म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणणं. ओरखडा भरला जात नाही, पुसला जात नाही. त्याच्या भोवतालचं सामान काढून टाकलं जातं. नेहमीची जाळी एक-दोन मायक्रॉन खोल असते, त्यामुळे नीट केलेलं काम गाडीला सहज सोसतं. पण दर सहा महिन्यांनी कटिंग कंपाउंड मारलं तर काही वर्षांत क्लिअर कोट इतका झिजतो की त्यातलं उन्हापासून राखणारं रसायन पुरेसं उरत नाही, आणि चंद्रपूरच्या उन्हात छत आणि बॉनेट पांढुरकं पडून पापुद्रे सुटायला लागतात. तिथून परत फिरायचा रस्ता नाही, पुन्हा रंगवणं एवढंच उरतं. म्हणून कमीत कमी काढून काम भागवणं, यातच खरी कारागिरी आहे असं मी मानतो.

जाडी मोजायचं यंत्र आता फार महाग राहिलेलं नाही. कामाला हात घालण्याआधी प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी ते लावावं. साधी यंत्रं एकूण जाडी दाखवतात, एकट्या क्लिअर कोटची नाही. लोखंडी पत्र्यावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर त्यांची मोजण्याची रीत वेगळी, आणि प्लास्टिकच्या बंपरवर किंवा फायबरच्या भागावर ती बहुतेक चालतच नाहीत. स्पोर्ट्‌स कारमध्ये असे भाग जास्त असतात, तेव्हा तिथे अंदाजाने जोर लावू नये. कडा आणि घड्या यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे टेप लावल्याशिवाय मशीन फिरवणाऱ्याला मी कामावर उभं करणार नाही.

मऊ काळ्या रंगाची गंमत अशी की त्याच्यावरचा ओरखडा जातो चटकन, पण शेवट साधत नाही. कठीण रंगावर तासभर झगडावं लागतं आणि मग तो स्वच्छ निघतो. मऊ रंगावर दोन फेऱ्यांत जाळी गायब होते, आणि तिच्या जागी धूसर ढगासारखी झाक उरते, ती खुद्द पॅडने आणि पॉलिशच्या कणांनी पाडलेली असते. गडबडलेला कारागीर तेव्हा आणखी कडक पॅड घेतो, आणि झाक वाढते. करायचं ते नेमकं उलटं. सुरुवात हाताशी असलेल्या सगळ्यात मऊ फोम पॅडने आणि सगळ्यात बारीक पॉलिशने करावी, तीही बॉनेटच्या एका कोपऱ्यात, दोन फूट चौकोनात. टॉर्च धरून पाहावं. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबावं. नाही भागलं तर एक पायरी वर जावं, आणि मग पुन्हा खाली उतरून शेवट करावा. हा चौकोन जुळेपर्यंत बाकी गाडीला हात लावू नये. कधी कधी अर्धा दिवस या चौकोनातच जातो. मालकाला ते समजावून सांगावं, तो अर्धा दिवस त्याच्याच रंगाच्या कामी येतो.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन असावं, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी कक्षेतही डोलतं. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. जोर जास्त झाला किंवा पॅड तिरकं झालं की फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरणं उरतं. हात सावकाश, सेकंदाला इंचभर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला, एकदा आडवा आणि एकदा उभा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचंच, कारण मऊ रंगातून निघालेला भुगा पॅडमध्ये गोळा होऊन नवे ओरखडे पाडतो. शेवटच्या फेरीत वेग आणि दाब दोन्ही उतरवायचे. आणि पुसताना मायक्रोफायबर स्वतःच्या वजनाने फिरू द्यायचं. मऊ काळ्या रंगावर चांगल्या कापडाचाही माग उठतो, नवशिक्याला हे पटत नाही, पण टॉर्चखाली एकदा दाखवलं की कायमचं पटतं.

आपल्या गॅरेजमधल्या ‘रबिंग मारून देतो’ या परंपरेबद्दल मला आदर आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या काळात रंगावर वेगळा क्लिअर कोट नव्हता, रंग स्वतःच घासून चमकवावा लागे, आणि त्या उस्तादांचा हात फार तयार होता. त्यांचं रोटरी मशीन, लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड त्या रंगाला योग्य होतं. आजच्या मऊ क्लिअर कोटवर तेच सामान जाळी काढतं आणि बदल्यात उन्हात हलणारे लाटांसारखे पट्टे ठेवून जातं. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. काही पॉलिशांत ओरखडे भरणारं तेल आणि मेण असतं. त्यांनी गाडी त्या दिवशी निर्दोष दिसते आणि दोन-तीन शाम्पूंनंतर सगळं उघडं पडतं. प्रत्येक टप्प्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून, तेल उतरवून, मगच तपासणी करावी. गिऱ्हाइकासमोर केली तर उत्तमच.

मशीनच्या आधीचं काम जास्त वेळ खातं, आणि पुस्तिकेचा मोठा भाग त्यावरच आहे. आधी फक्त पाणी आणि फेस, हात न लावता. मग शाम्पूची एक बादली, हातमोजा खंगाळायची दुसरी, बादलीच्या तळाशी वाळू खाली ठेवणारी जाळी. मग लोखंड विरघळवणारा द्राव. त्यात थायोग्लायकोलेट असतं, लोहकणाला लागताच ते जांभळं होतं आणि ओघळतं. घुग्घुसच्या गाडीवर हा जांभळा रंग पाहून मालक हबकतात. सिमेंटचे घट्ट ठिपके सौम्य आम्लाने सैल करायचे, घासायचे नाहीत. उरलेलं क्लेने, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणाऱ्या मऊ गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा. यातलं काही वगळून मशीन लावलं तर पॅडखाली वाळू दळली जाते.

आपला उन्हाळाही या कामात मोजावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा काळ्या बॉनेटवर हात ठेववत नाही. तापलेला क्लिअर कोट आणखी मऊ होतो, पॉलिश क्षणात वाळतं आणि चिकटून बसतं. अशा दिवसांत पहाटे काम सुरू करून ऊन चढायच्या आत आवरावं. पाण्याचंही भान हवं: हा चुनखडकाचा पट्टा आहे, बोअरचं पाणी जड असतं, आणि ते उन्हात वाळलं की काळ्या रंगावर पांढरे डाग कोरून बसतात. शेवटचं खंगाळणं साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने झालं तर निम्मी कटकट वाचते.

सिरॅमिक कोटिंगबद्दल सगळेच विचारतात. ते लावल्याने धूळ सुटी राहते आणि धुणं सोपं होतं, एवढा फायदा खरा. जाहिरातीतलं ९एच हे पेन्सिलीच्या काठिण्याचं माप आहे, मोह्सचं नाही. एक-दोन मायक्रॉनचा तो थर क्वार्ट्‌झच्या कणाला अडवत नाही. ओरखडा खरोखर झेलायचा असेल तर १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग राखणारी फिल्म, आणि ती महाग आहे. कोळशाच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीच्या बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती ती घेणं शहाणपणाचं.

काम करणाऱ्या पोरांसाठी एक प्रकरण वेगळं ठेवलं आहे आणि ते आधी वाचावं अशी माझी विनंती आहे. लोहकण काढणारा द्राव उग्र असतो, हातमोजे लागतात, हवा खेळती लागते. चाकं साफ करायला काही ठिकाणी जे कडक आम्ल वापरतात ते हात जाळतं आणि फुफ्फुसालाही सोडत नाही. पॉलिश वाळल्यावर उडणारा भुगा आणि रस्त्यावरून येणारी धूळ दोन्ही दिवसभर नाकात जातात. तोंडाला गमछा बांधण्याने काम भागत नाही, मास्क लागतो. मालकांनी तो आपल्या खर्चाने द्यावा. गाडीच्या रंगासाठी हजारो रुपये मोजले जातात तिथे हा खर्च नगण्य आहे.

दुरुस्तीची वेळ विचाराल तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे. हवेत ओल उरलेली नसते, पत्रा थंड असतो, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी रंगावर संरक्षणाचा थर चढवायला सवड मिळते. त्यानंतर मशीन निदान दोन-तीन वर्षं कपाटात राहिलं पाहिजे. तसं राहिलं नाही तर चूक धुण्यात आहे असं समजून पहिल्या प्रकरणाकडे परत जावं. पहिलं प्रकरण मुद्दाम डिकीतल्या फडक्यावर लिहिलं आहे. ते वाचून एखाद्या ड्रायव्हरने सकाळचं कोरडं पुसणं सोडलं आणि मालकाने त्याबद्दल त्याला बोल लावला नाही, तर बाकीच्या प्रकरणांची गरज त्या गाडीला बरीच उशिरा पडेल.